गाळातून तेल : एका चुकीची दुरुस्ती

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा प्रसंगी शिक्षकाने शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलावे अशी आपली अपेक्षा असणार. तो विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे माझ्याहून योग्य लोक येथे बसले आहेत. मी आज माझी एक चूक सांगणार आहे. गेली काही वर्षे मी वर्गात एक गोष्ट चुकीची शिकवली. ती ज्यांना शिकवली त्यांपैकी काही मुले आज येथे हजर आहेत. तेव्हा दुरुस्तीही येथेच, सर्वांच्या समोर व्हावी हे बरे.

मी बी. ए. झालेला, इतिहास-भूगोल शिकवणारा माणूस. भूगोलात खनिज तेलाचा धडा आला की मुंबई हाय, अंकलेश्वर, दिग्बोई ही नावे फळ्यावर लिहायची, नकाशात ठिपके द्यायचे आणि पुढे जायचे, ही माझी पद्धत. एकदा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, समुद्राच्या खाली तेलाचा तलाव आहे काय?" मी म्हणालो, "हो, तसेच समज. जमिनीच्या पोटात मोठी पोकळी असते, तिच्यात तेल भरलेले असते." तिने पुन्हा विचारले, "मग तेल काढल्यावर वरची जमीन खाली बसत नाही काय?" मला उत्तर आले नाही. मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही, खाली बस." ती खाली बसली. त्यानंतर त्या वर्षात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे तिचे वडील पालकसभेला आले. ते बोअरच्या गाडीवर काम करतात. सहज बोलता बोलता मी ही गोष्ट काढली. ते हसून म्हणाले, "सर, आम्ही इतक्या बोअर मारल्या, कुठं खाली तलाव लागला नाही. पाणी दगडाच्या फटीत राहते. तेलबी तसंच असंल ना!" मी घरी गेलो आणि पुस्तके काढली. बोअरवर राबणाऱ्या त्या गृहस्थांचे म्हणणे खरे होते, माझे खोटे होते. जमिनीखाली तेलाचा तलाव नसतो. विटेत पाणी मुरावे तसे तेल दगडात मुरलेले असते. एक कोरडी वीट पाण्याच्या बादलीत टाकून पाहा. बुडबुडे येतात, वीट जड होते, पण विटेत कोठेही विहीर दिसत नाही. तेलाचा दगड म्हणजे अशीच भिजलेली वीट.

आता प्रश्न असा की हे तेल दगडात आले कोठून? त्यासाठी आपल्याला सिंदेवाहीच्या बाहेर जाण्याची गरज नाही. आपल्या भागात मालगुजारीच्या काळातील तलाव आहेत, गावोगाव बोड्या आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की काठच्या काळ्या गाळात पाय रुततो आणि बुडबुडे वर येतात, कुजका वास सुटतो. लहानपणी आपण सर्वांनी हे पाहिले आहे. तो बुडबुडा म्हणजे मिथेन वायू. १७७६ साली इटलीच्या व्होल्टा नावाच्या शास्त्रज्ञाने माज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून हाच वायू बाटलीत धरला आणि तो पेटतो हे दाखवून दिले. विजेचे माप ज्याच्या नावाने आपण 'व्होल्ट' म्हणतो तोच हा व्होल्टा. नैसर्गिक वायू म्हणतात तो मुख्यतः हाच.

म्हणजे गुपित गाळात आहे. पण प्रत्येक गाळाचे तेल होत नाही. वाहत्या नदीचा गाळ पाहा. तेथे पाणी खळाळते, त्यात हवा मिसळते, मेलेले शेवाळ आणि पाला लगेच कुजून नाहीसा होतो. साचलेल्या, शांत पाण्याचे तसे नाही. तेथे तळाशी हवा पोहोचत नाही, कुजणे अर्धवट राहते आणि काळा, तेलकट अंशाचा गाळ थरावर थर साचत जातो.

अशा शांत पाण्याचा एक उत्तम नमुना म्हणजे समुद्रकाठचे खाजण, ज्याला लगून असेही म्हणतात. ओडिशातील चिलिका सरोवर आपण नकाशात पाहिले आहे. समुद्राच्या लाटा वाळू आणून टाकतात, वाळूचा लांब दांडा तयार होतो आणि त्याच्या आतील पाणी समुद्रापासून जवळजवळ तुटते. लाटांचा मारा थांबतो. उन्हाने पाणी आटत राहिले तर ते अधिकाधिक खारट होते. खारट पाणी जड असल्याने तळाशी बसते, आणि वरची हवा त्याच्यापर्यंत जात नाही. त्या तळाशी गाळ खाणारे किडे आणि गोगलगायीही फारशा टिकत नाहीत. वर मात्र उन्हात सूक्ष्म शेवाळ जोमाने वाढते, मरते आणि तळाशी बसते. एखाद्या ऋतूत शेवाळाचा काळा पापुद्रा, दुसऱ्या ऋतूत चुन्याचा पांढरा पापुद्रा, पाणी फारच आटले तर जिप्सम किंवा मिठाचा थर. अशी ही वही पानापानाने हजारो-लाखो वर्षे लिहिली जाते.

पुढे जमीन खचते, नव्या गाळाचे ओझे वर येते आणि जुना गाळ खोल जातो. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की उष्णता साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. दोन ते चार किलोमीटर खोलीवर, सुमारे ६० ते १२० अंश उष्णतेत, लाखो वर्षे मंद आचेवर हा काळा अंश शिजतो आणि त्याचे तेल होते. त्याहून खोल, त्याहून अधिक आच लागली तर वायू होतो. आपल्या माताभगिनींना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आच कमी पडली तर पदार्थ कच्चा राहतो, जास्त झाली तर हातचा जातो. शेवाळाच्या गाळाचे तेल अधिक होते, झाडाझुडपांच्या लाकडाचा कोळसा आणि वायू अधिक होतो. हाही फरक ध्यानात ठेवावा.

याचे आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण मुंबई हायचेच आहे. एक रुपयाच्या नोटेच्या मागील बाजूस समुद्रात उभ्या असलेल्या एका यंत्राचे चित्र आपण पाहिले असेल. ते 'सागर सम्राट' हे तेलविहिरी खोदणारे जहाज. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात याच जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधून काढले आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. तेथील तेलाचा मुख्य साठा समुद्रतळाखालील चुनखडीत आहे. दोन कोटी वर्षांपूर्वी तेथे खोल समुद्र नव्हता. उथळ, उबदार पाणी, लगूनसारखे शांत भाग आणि भरती-ओहोटीची सपाट जमीन होती. तेथे चुन्याचा गाळ साचला, मध्ये मध्ये चिकणमातीचे पातळ थर बसले. कधी पाणी हटून ती चुनखडी उघडी पडली, पावसाच्या पाण्याने ती थोडी थोडी विरघळली आणि तिच्यात बारीक बारीक भोके तयार झाली. त्या भोकांत पुढे तेल येऊन बसले. ते तेल ज्या जुन्या काळ्या गाळात शिजले तो गाळही दलदली आणि किनाऱ्यावरील उथळ, अडलेल्या पाण्यातलाच.

येथे तीन नावे लक्षात ठेवू. ज्या दगडात तेल तयार होते तो उगमाचा दगड. ज्याच्या भोकांत ते जाऊन राहते तो साठ्याचा दगड. आणि ज्याच्यामुळे ते वर निसटत नाही तो झाकणाचा दगड. मुंबई हायसारख्या ठिकाणी ही तिन्ही कामे निरनिराळे दगड करतात. तेल आपले जन्मघर सोडून दुसऱ्या घरी राहायला गेलेले असते. तेथे विहीर खोदली की ते दाबाने आपोआप येते. यास रूढ साठा म्हणतात.

पण बरेचसे तेल घर सोडतच नाही. ज्या गाळात ते जन्मले त्याचा दगड इतका घट्ट होतो की तेलाला बाहेर पडण्यास वाट नसते. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी जेवढी, तिचे हजारो भाग केले तर त्यातील एक भाग जेवढा होईल, तेवढी बारीक या दगडातील भोके. असा दगड स्वतःच उगमाचा, स्वतःच साठ्याचा आणि स्वतःच झाकणाचा. आपल्या एकशिक्षकी शाळेसारखे हे आहे. तेथे मुख्याध्यापकही तोच, शिक्षकही तोच आणि घंटा वाजवणाराही तोच! अशा साठ्याला अरूढ साठा म्हणतात. पूर्वी खोदणारे लोक या दगडातून जाताना त्यात वायूचा अंश दिसला तरी पुढे निघून जात, कारण तो काढायचा कसा हे कोणास ठाऊक नव्हते.

जुन्या लगूनचा गाळ या कामी चांगला ठरतो, त्याची कारणे आता आपल्यालाच सांगता येतील. एक, तेथे शेवाळाचा काळा अंश जपला जातो. दोन, त्याच्या पापुद्र्यालगतच चुन्याचा पापुद्रा असतो. चुन्याचा थर ठिसूळ असल्याने त्याला चिरा पडू शकतात. निव्वळ चिकणमाती मात्र दाबल्यावर वाकते, फुटत नाही. तीन, जिप्सम किंवा मिठाचा थर वरून पक्के झाकण घालतो. चीनमध्ये सिचुआन खोऱ्यात सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच खाऱ्या लगूनमधील चुना-मातीच्या दगडातून अलीकडच्या वर्षांत वायू आणि हलके तेल मिळाले आहे. त्याच खोऱ्यात इतर थरांतून पूर्वीपासून वायू काढत होते, परंतु हा दगड निरुपयोगी म्हणून सोडलेला होता.

असा घट्ट दगड उघडण्याची युक्ती अमेरिकेत टेक्सास राज्यात सापडली. जॉर्ज मिचेल नावाच्या गृहस्थाच्या कंपनीने बार्नेट नावाच्या काळ्या दगडावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. लोक त्याला वेडा म्हणत. १९९८ च्या सुमारास त्याला यश आले. विहीर प्रथम सरळ खाली नेतात, नंतर ती वळवून त्या थरातून आडवी एक-दोन किलोमीटर नेतात. मग प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि थोडी रसायने आत सोडतात. दगडाला चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा उघड्या धरतात आणि वायू बाहेर येतो. आपल्या बोअरवाल्या भाईंच्या भाषेत सांगायचे तर, फट सापडली नाही म्हणून फट पाडली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी या भागातील कोळसा आपणास ठाऊक आहे. तो गोंडवन काळातील, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतील झाडांचा. त्या जागी तेव्हा समुद्र नव्हता. नद्या आणि दलदली होत्या. कोळशाच्या अंगातही मिथेन वायू चिकटून असतो. खाणीत भडका उडवणारा हाच तो वायू. तोच नीट काढला तर इंधन होते. पश्चिम बंगालमधील राणीगंज भागात २००७ पासून कोळशाच्या थरातील वायूचे व्यापारी उत्पादन होत आहे, आणि आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल भागातही ते २०१७ मध्ये सुरू झाले. जानेवारी २०११ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने दुर्गापूरजवळ सुमारे १७०० मीटर खोलीवरील गोंडवन काळातील काळ्या शेल दगडातून वायू काढून दाखवला. भारतातील शेल वायूची ती पहिली नोंद. मात्र त्याचे मोठे व्यापारी उत्पादन आपल्या देशात अजून उभे राहिलेले नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यात प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. या लहानशा गावाचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे कोळसा मिळतो काय हे पाहण्यास लोक गेले. कोळसा दूरच राहिला, पण त्यांना चुनखडी आणि काळ्या डांबरी अंशाच्या पातळ थरांत माशांचे दगड झालेले सांगाडे, अगदी खवल्यांसकट, सापडले. सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी तेथे मोठे शांत तळे होते, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. याच कोटा थरांत, नदीच्या पलीकडे आज तेलंगणात असलेल्या भागात, बारापासॉरस नावाच्या अवाढव्य डायनोसॉरची हाडे मिळाली. तो सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. सिरोंच्याजवळ वडधम येथे जीवाश्म उद्यानही आहे. कोट्याला तेल आहे असे मी म्हणत नाही, कोणी तसे ऐकून घरी जाऊ नये. मी एवढेच म्हणतो की साचलेल्या पाण्याची वही कशी लिहिली जाते हे पाहण्यास आपल्याला टेक्सासला किंवा चीनला जाण्याची गरज नाही. तिचे एक पान आपल्या शेजारी उघडे पडले आहे. आपली मुले सहलीला दूरदूर जातात, कोट्याला मात्र कोणी जात नाही.

पालकहो, आपण मनात म्हणत असाल, या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध? आमचा मुलगा दुकानावर बसणार, गॅरेजात जाणार किंवा ट्रक चालवणार. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. आपल्या जिल्ह्याच्या पोटातून शंभरावर वर्षे कोळसा निघत आहे. त्या खाणींत आपल्या भागातील माणसे पाट्या उचलत होती, ट्रक भरत होती आणि आजही भरतात. खाण कोठे खोदायची हे ठरवणारा, दगड वाचणारा माणूस मात्र बहुधा बाहेरून आला. त्यात कोणाचा दोष नाही. त्याने ते शिकले होते, आपण शिकलो नव्हतो. जमीन आपल्या पायाखाली असणे आणि जमिनीचे ज्ञान आपल्याजवळ असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. मघाशी सांगितलेली दगड फोडण्याची रीत एका विहिरीला साधारण एक-दोन कोटी लिटर पाणी मागते. ते पाणी वापरून झाल्यावर खारट आणि दूषित होऊन परत येते. आपला भाग धानाचा. रोवणी वेळेवर झाली नाही, तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचले नाही, तर त्या वर्षी घरात काय होते हे मी सांगायला नको. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या शंभर भागांपैकी ऐंशीहून अधिक भाग आपण बाहेरून विकत घेतो, म्हणून शोध तर चालूच राहणार. दुसरीकडे हे सारे इंधन जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढते आहे, म्हणून सूर्याच्या आणि वाऱ्याच्या शक्तीकडे जगाला वळावे लागत आहे. उद्या कोठेही, कोणत्याही गावात, खोदणारे येऊन उभे राहिले तर गावाने काय म्हणावे? नुसते 'हो' म्हणणेही आंधळेपणाचे आणि नुसते 'नाही' म्हणणेही आंधळेपणाचे. पाणी कोठून घेणार, वापरलेले पाणी कोठे सोडणार, विहिरीचे आवरण किती पक्के करणार, गावच्या बोअरचे पाणी आधी आणि नंतर कोण तपासणार, हे चार प्रश्न विचारता आले पाहिजेत. हे प्रश्न विचारणारा माणूस ग्रामसभेत हवा, आणि तो आपल्यातून तयार व्हावा.

विद्यार्थी मित्रांनो, हा माणूस तुमच्यापैकी कोणीही होऊ शकतो. दहावीनंतर विज्ञान घ्या. भूशास्त्र हा विषय पदवीला घेता येतो. खाणकामाची पदविका आहे, आय. टी. आय. आहे. २०११ पासून गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ आहे, ते आपल्याच दोन जिल्ह्यांसाठी आहे. मुलींनाही हे सारे मार्ग खुले आहेत. पालकांनी मुलीचे नाव दहावीनंतर काढण्याआधी एकदा तिच्या शिक्षकांशी बोलावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

माझ्या शिक्षक बंधूंनाही एक सांगतो. 'हे परीक्षेला येत नाही' हे वाक्य मी आता वर्गात उच्चारत नाही. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, उद्या पाहून सांगतो' असे म्हणतो. सुरुवातीस लाज वाटली, आता वाटत नाही. मुलांसमोर आपण शिकताना दिसलो तर त्यांनाही शिकावेसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

त्या मुलीचे उत्तर अजून बाकी आहे. बेटा, तू विचारले होतेस की तेल काढल्यावर जमीन खाली बसत नाही काय? तुझा प्रश्न चांगला होता. पोकळी नसल्यामुळे जमीन एकदम कोसळत नाही. दगडाचा सांगाडा तसाच उभा राहतो आणि पुष्कळदा तेलाची जागा पाणी घेते. तेल काढताना मुद्दाम पाणी आत सोडून दाबही टिकवतात. पण दगड मऊ असेल आणि दाब फार घटला, तर जमीन खरोखरच हळूहळू खचते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे तेल काढल्यामुळे १९४० च्या सुमारापासून जमीन काही ठिकाणी सुमारे नऊ मीटर खचली आणि शेवटी आत पाणी भरून ते खचणे थांबवावे लागले. म्हणजे तुझा संशय खरा होता. मी तुला खाली बसवले, ते चुकले. पुढच्या आठवड्यात वर्गात एक कोरडी वीट आणि एक बादली पाणी घेऊन ये. तो धडा आपण पुन्हा घेऊ, आणि या वेळी पहिला प्रश्न तू विचारायचा.

 

— एक सहायक शिक्षक, बी. ए., बी. एड., सिंदेवाही